आधी ऐका, मग घ्या : ‘रिदम हाउस’ची वाटचाल

१९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी एलपी रेकॉर्ड बाजारात आणली. मुंबईत काळ्या घोड्याच्या कोपऱ्यावर सुलेमान नेन्सी यांचं ‘रिदम हाउस’ सुरू झालं तेही त्याच वर्षी. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे तेव्हा लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्यांचंच राज्य होतं आणि कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एलपी निघायला अजून दहाएक वर्षं होती. पण पुढे या दुकानाच्या नशिबी जे आलं त्याची कुंडली त्या योगायोगातच मांडलेली दिसते. गाणं साठवायची रीत दर पंधरा-वीस वर्षांनी बदलणार आणि प्रत्येक बदलाला दुकानानं नव्यानं फळ्या ठोकायच्या. अडुसष्ट वर्षं त्यांनी त्या ठोकल्या.

दुकान थाटलं तेव्हा समोर जहांगीर आर्ट गॅलरी नव्हती; ती १९५२ ची. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो घोडा मात्र होता, पाठीवर राजपुत्र एडवर्डला घेऊन. १९६५ साली पुतळा तिथून हलवला, तो राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी नाव राहिलं. शेजारच्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात डॉ. आंबेडकर बसत असत असं सांगतात. अरुण कोलटकरांची तिथली बैठक तर मराठी वाचकांना ठाऊकच आहे. त्या चौकातली माणसं, कुत्री आणि कावळे त्यांच्या २००४ च्या इंग्रजी संग्रहात येऊन बसले आहेत. अशा वस्तीत रेकॉर्डचं दुकान म्हणजे गिऱ्हाईकही तसंच येणार : चित्रकार, वकील, कॉलेजातली पोरं, परदेशी पाहुणे, नाटकवाले, सिनेमावाले.

आता सातारा जिल्ह्यातल्या वडूजला बसून मी मुंबईच्या दुकानाचा इतिहास का सांगतो आहे, असं कोणी विचारील. विचारावंच. खटाव-माण हा दुष्काळी मुलूख. इथली माणसं गिरणीत गेली, माथाडीत गेली, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात पार परमुलखात गेली. गावाकडे येताना त्यांच्या ट्रंकेतून ट्रान्झिस्टर आला, फोनो आला, टेपरेकॉर्डर आला. आमच्या तालुक्यात गाणं वस्तू म्हणून आलं ते मुंबईच्या वाटेनं. काळ्या घोड्याच्या त्या काचेच्या दारातून आमचा गिरणी कामगार आत गेला असेल असं मला मुळीच वाटत नाही. तो लालबागेत, काळबादेवीला, लॅमिंग्टन रोडला खरेदी करायचा. फोर्टातल्या इंग्रजी दुकानाचा त्याला धाक वाटला असणार. पण रेकॉर्डच्या धंद्याला लागलेली घरघर मला रिदम हाउसच्या हकिकतीत जितकी नीट ऐकू येते तितकी दुसरीकडे नाही. शिवाय त्या घरघरीत आमचाही हात आहे. त्याकडे येतोच.

मुळात आपल्याकडे रेकॉर्डचं स्वतंत्र दुकान ही उशिरा आलेली गोष्ट. १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या मुद्रिका छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. गाणं संपल्यावर गौहर जान इंग्रजीत आपलं नाव पुकारते ते त्यासाठीच, तिकडच्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची ते कळावं म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तो पुढे डमडमला गेला. गंमत अशी, की तबकडीत घातली जाणारी लाख आपल्याकडचीच. छोटा नागपूरच्या जंगलातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरची लाख बोटीनं परदेशी जायची आणि तिच्यावर आपलंच गाणं कोरून ती परत यायची.

हा माल विकायचे कोण? घड्याळवाले, सायकलवाले, शिवणयंत्रवाले, हार्मोनियमवाले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या ‘महाराष्ट्र वॉच अँड ग्रामोफोन कंपनी’ची पाटी वाचली की तो काळ कळतो. घड्याळ आणि ग्रामोफोन, दोन्हीच्या पोटात चावीची स्प्रिंग. एकाची दुरुस्ती येत असेल त्याला दुसऱ्याचीही यायची. तालुक्याच्या गावी तर हेच चालत आलं. घड्याळाच्या काउंटरखाली पिनांच्या पत्र्याच्या डब्या, त्यांच्यावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. पोलादी पिन एका बाजूला एक अशी वापरायची. कंजूष माणूस ती चार-चार बाजूंना वापरी आणि तबकडीच्या रेघा खाऊन टाकी.

दुकानदाराला माल खपवायचा तर तो वाजवावा लागे. कापड हाताला लागतं, गूळ जिभेला लागतो. बंद पाकिटातली काळी तबकडी कोणाला काय सांगणार? म्हणून रेकॉर्डच्या दुकानातून रस्त्यावर गाणं यायचं आणि फुकट ऐकणाऱ्यांचा घोळका जमायचा. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी वाजत असे, शाळेतून येता-जाता ती ऐकून लहानग्या भीमसेनाला वेड लागलं आणि १९३३ साली गुरूच्या शोधात तो घरातून पळाला, ही हकिकत महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? खाँसाहेब राहायचे मिरजेला, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. मिरजेच्या माणसाचं गाणं कारखान्यात छापलं गेलं, गदगच्या दुकानात वाजलं आणि त्यातून एक गवई तयार झाला. भीमसेननं ती रेकॉर्ड विकत घेतली नव्हती, हे इथे महत्त्वाचं. दुकानदाराच्या वहीत त्या दिवशी या पोराच्या नावावर एक पैसाही जमा झाला नसेल.

फुकट ऐकणारा आणि विकत घेणारा यांच्यातलं हे नातं रिदम हाउसनं नीट ओळखलं आणि त्यावर दुकान उभं केलं. आत छोट्या केबिन होत्या. आवडेल ती रेकॉर्ड मागायची, केबिनमध्ये उभं राहून ऐकायची, पटली तर घ्यायची. कॉलेजातली पोरं तासन्‌तास ऐकून हात हलवत बाहेर पडायची आणि त्यांना कोणी हटकायचं नाही, अशा आठवणी दुकान बंद झालं तेव्हा कित्येकांनी लिहिल्या. व्यापाराच्या हिशेबानं हा तोटाच. पण त्याच पोरांना नोकऱ्या लागल्या, पहिल्या पगारातली पहिली एलपी त्यांनी कुठून घेतली असेल हे सांगायला नको.

या केबिनचा आणखी एक परिणाम झाला. काउंटरमागचा माणूस जाणकार असावाच लागला. गिऱ्हाईक कधी अर्धी ओळ गुणगुणतं, कधी नुसता सिनेमा सांगतं, कधी ‘ते सतारीचं, मागे तबला जोरात आहे ते’ एवढंच सांगतं. फडताळात हात घालून नेमकी रेकॉर्ड बाहेर काढायची, कडांना धरून पाकिटातून सरकवायची, उजेडापुढे तिरकी करून चरे बघायचे आणि मग प्लेटवर ठेवायची, ही विद्या शाळेत मिळत नाही. डमडमची एचएमव्ही कंपनी महिन्याच्या महिन्याला नव्या रेकॉर्डांच्या याद्या काढी, मोठी सूचिपत्रं काढी. जुन्या विक्रेत्यांना त्यांतले नंबर तोंडपाठ असत.

धंदा सुलेमान नेन्सींकडून पुढे कर्मली कुटुंबाकडे आला आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. शेवटच्या पर्वात मेहमूद कर्मली हे दुकानाचा चेहरा होते. घरचं दुकान असण्याचा इथे एक थेट फायदा होता, आणि तो भावनेचा नव्हे, हिशेबाचा आहे. साखळी दुकानात व्यवस्थापकाला तीन महिन्यांनी जाब द्यावा लागतो, जो माल हलत नाही तो खाली उतरवावा लागतो. घरच्या दुकानात एखादी गायिका मोगूबाईंची एलपी चार वर्षं पडून राहिली तरी मालक म्हणू शकतो, राहू दे, कोणीतरी येईल. आणि पाचव्या वर्षी कोणीतरी येतं. जागा मालकीची असली तर हे आणखी सोपं. मुंबईच्या त्या भागात भाडं भरून एवढी वर्षं रेकॉर्ड विकता आल्या असत्या असं मला वाटत नाही.

पन्नास आणि साठची दशकं या धंद्याची सुगी. १९५२ च्या सुमारास रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी पायदान सांगायचे, पण गाणं कोणत्या पायरीवर बसवायचं यासाठी देशभरच्या दुकानांतल्या रेकॉर्डच्या खपाचे आकडे मागवले जात. म्हणजे बुधवारी रात्री रेडिओला कान लावून बसलेला वडूजचा हॉटेलवाला जे ऐकत होता, त्यामागे कुठल्याशा शहरातल्या काउंटरवरची विक्री होती. १९५७ ला विविध भारती आली. ‘गीतरामायणा’नं १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून महाराष्ट्र वेडा केला होता, त्याचे कवी गदिमा माडगुळ्याचे, म्हणजे आमच्या माणदेशातलेच. रेडिओवर ऐकलेलं आपल्याला हवं तेव्हा ऐकता यावं ही तहान लागली की माणूस रेकॉर्डच्या दुकानाकडे वळायचा. रेडिओ आणि दुकान तेव्हा वैरी नव्हते.

मराठीपुरतं बोलायचं तर या काळात मोठं काम केलं जी. एन. जोशी यांनी. स्वतः भावगीतगायक, वकिली बाजूला ठेवून १९३८ ला एचएमव्हीत गेले आणि पुढची कित्येक वर्षं कोणाचं गाणं मुद्रित व्हावं हे ठरवण्यात त्यांचा वाटा राहिला. १९६७ ची शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी त्यांनीच काढवून घेतली. घरात आणखी एकही शास्त्रीय रेकॉर्ड नाही पण ही आहे, अशी मध्यमवर्गीय घरं पुष्कळ. रिदम हाउससारख्या दुकानाचं कपाट अशा रेकॉर्डांवरच चालायचं : एक दारात आणणारी, बाकीच्या मागे लागणाऱ्या.

एलपी आल्यावर केबिनमधलं ऐकणंही बदललं. तीन मिनिटांच्या तबकडीवर राग मांडणं म्हणजे बैलगाडी काडेपेटीत बसवण्यासारखं होतं, आणि जुन्या गवयांनी ती बसवली हेच नवल. एलपीवर विलंबित ख्याल श्वास घेऊ लागला. आणि तरीही खरं सांगू? खाँसाहेबांची किंवा बालगंधर्वांची तीन मिनिटं ऐकल्यावर कधीकधी वाटतं, वेळ कमी होता म्हणून ते इतकं नेमकं गायले.

इकडे खटाव तालुक्यात तेव्हा काय होतं? थेट गाणं ऐकायचं तर औंध होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः कीर्तन करणारे, चित्रं काढणारे राजे. त्या संस्थानात अंतुबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० पासून संगीत उत्सव सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो मोठा केला. आजही आश्विनात तिथे रात्रभर गाणं होतं. वडूजहून औंध हाकेच्या अंतरावर, पण शेतकऱ्याच्या रोजच्या कानावर पडायचं ते गाणं वेगळं. ते यायचं लाऊडस्पीकरवरून.

लाऊडस्पीकरवाला हा आमच्याकडचा रेकॉर्डचा खरा गिऱ्हाईक आणि खरा दुकानदारही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याची गाडी यायची. बाभळीला नाहीतर मंडपाच्या मेढीला कर्णा बांधायचा, आहुजाचा अॅम्प्लिफायर, बॅटरी, आणि लाकडी खोक्यात उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. पहिली रेकॉर्ड गणपतीची. मग लग्नाची गाणी, मग सिनेमाची, आणि रात्री पोरं खोक्याभोवती जमली की लावण्या. वरबाप येऊन ओरडला की पुन्हा अभंग. चार कोसांवर ऐकू जायचं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू आणि तमाशाचे फड शेजारी शेजारी. खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूवरचा कर्णा रेकॉर्डी लावून माणसं गोळा करायचा. १९७५ नंतर पॉलिडॉरनं ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड काढली, तेव्हा गाणी सोडून लोक मारामारीच्या आधीचे संवाद ऐकत मांडवात बसू लागले. मंगलाष्टकांच्या अगोदर गब्बर! काळ्या घोड्याच्या केबिनमध्ये एकट्यानं ऐकणं आणि इथे गावानं ऐकणं, यंत्र एकच होतं. आमच्याकडे मात्र ऐकून झाल्यावर विकत घ्यायचा प्रश्नच नसे.

मग कॅसेट आली. सत्तरच्या दशकात टेपरेकॉर्डर आखातातून आणि मुंबईहून येऊ लागले. १९८३ ला गुलशन कुमार यांची टी-सीरिज उभी राहिली आणि धंद्याचा गाडाच उलटला. कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यातून गाऊन घ्यायची आणि एचएमव्हीच्या निम्म्याहून कमी किमतीत पानटपरीवर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर विकायची, ही त्यांची युक्ती. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या मुद्रित संगीताच्या बाजारातला सुमारे ९५ टक्के हिस्सा कॅसेटनं गिळला होता. डमडमच्या कंपनीचं जवळजवळ एकहाती राज्य काही वर्षांत संपलं.

कॅसेटनं नुकसान केलं असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एचएमव्हीच्या दारात ज्यांना सहजी जागा मिळत नव्हती त्यांचे गळे कॅसेटनं बाहेर आणले. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगाणी, विठ्ठल उमपांची शाहिरी, भीमगीतं, आनंद शिंद्यांचं ते पोपटाचं गाणं : हे सगळं घरोघर गेलं ते कॅसेटमुळे. पुण्यात सुरेश अलुरकरांनी ‘अलुरकर म्युझिक हाउस’मधून शास्त्रीय गायकांच्या कॅसेटी काढल्या, मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे बघत नव्हत्या अशा गवयांना त्यांनी जागा दिली. दुकानदारच प्रकाशक झाला. त्याच्या कानाला जे पटलं ते त्यानं छापलं.

रिदम हाउसनं कॅसेटची फडताळं लावली, मग सीडीची, मग डीव्हीडीची. केबिनची जागा हेडफोननं घेतली. मैफली, नाटकं, जॅझचे-रॉकचे कार्यक्रम यांची तिकिटं तिथे मिळायची, त्यामुळे ज्याला काहीच विकत घ्यायचं नसे तोही डोकावून जाई. १९९९ ला बोरीबंदरसमोर टाइम्सच्या इमारतीत ‘प्लॅनेट एम’ हे भलं मोठं साखळी दुकान आलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता काळ्या घोड्याचं संपलं. तसं झालं नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेत इंटरनेटवरून फुकट गाण्यांची देवाणघेवाण करू देणारं नॅपस्टर सुरू झालं होतं. त्याचा आवाज इकडे यायला पाच-सहा वर्षं लागली, इतकंच.

आता आमच्या हाताची गोष्ट. ऐंशी-नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावोगाव ‘कॅसेट भरून मिळतील’ अशी पाटी लावलेली दुकानं होती. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठाची कोरी कॅसेट घ्यायची, दोन दिवसांनी यायचं. एका बाजूला तीस मिनिटं. यादीतलं शेवटचं गाणं हमखास अंतऱ्यात तुटायचं. दुकानदार म्हणायचा, ‘भाऊ, टेप संपली, मी काय करू?’ कव्हरच्या आतल्या कागदावर तो झकास अक्षरात यादी काढून द्यायचा. ती कॅसेट भरली जायची कुठून, तर त्याच्याकडच्या रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून. गायकाला, कंपनीला, कवीला यातून दमडी मिळत नव्हती. हे चोरीचं आहे असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. अस्सल कॅसेट परवडत नव्हती असंही नाही. हवी ती दहा गाणी एका जागी कोणतीच कंपनी देत नव्हती. यादी आपली, हा त्या दुकानाचा खरा माल होता. पुढे साऱ्या जगाला प्लेलिस्ट म्हणून जे विकलं गेलं ते वडूज, दहिवडी, मायणीच्या पोरांनी वहीच्या कागदावर केव्हाच करून ठेवलं होतं.

त्यानंतर मोबाइलची दुकानं आली. काचेच्या काउंटरवर एक संगणक, त्यात फोल्डर : लग्नाची गाणी, भक्तिगीतं, जुनी हिंदी, डीजे, कीर्तन, भारुड. मेमरी कार्ड पुढे करायचं, वीस-तीस रुपयांत ते शिगोशीग भरून मिळायचं. दोन जीबीच्या नखाएवढ्या कार्डात लाऊडस्पीकरवाल्याची दहा खोकी मावत. यादीसुद्धा लागत नव्हती. ‘सगळं टाक’ म्हटलं की झालं. त्या कार्डातली निम्मी गाणी कोणी कधी ऐकली नाहीत हे मी पैजेवर सांगतो. फोर्टाच्या पदपथावर नकली सीडीचे ढीग लागत होते, तो शहरातला अवतार, हा आमचा. रिदम हाउसचा गळा आवळणारे हात परक्यांचे नव्हते.

मेहमूद कर्मलींनी २०१५ मध्ये दुकान बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हा कारणं साधी होती : चाचेगिरी, ऑनलाइन खरेदी, फुकट ऐकण्याची सोय. मुंबईत हळहळ झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये समोरच्या जहांगीरमधलं ‘समोवार’ हे १९६४ पासूनचं उपाहारगृहही उठलं होतं. काळ्या घोड्याच्या जुन्या रहिवाशांना एका वर्षात दोन घरांची वाट बंद झाली. रिदम हाउसचं शटर शेवटचं पडलं २९ फेब्रुवारी २०१६ ला. शेवटच्या दिवसांत सवलतीचा सेल लावला, तेव्हा रीघ लागली. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं पिशव्या भरून सीडी घेऊन गेली. मला तो सेल थोडा लाजिरवाणा वाटतो. एवढी गर्दी एरवीच्या मंगळवारी असती तर सेल लागलाच नसता.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. जिओ आलं ते ५ सप्टेंबर २०१६ ला. स्वस्त डेटानं गाण्याचा धंदा पालटण्याच्या सहा महिने आधीच हे दुकान मिटलं होतं. जगभर हेच चाललं होतं : अमेरिकेची ‘टॉवर रेकॉर्ड्स’ २००६ ला बुडाली, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटचं ‘म्युझिक वर्ल्ड’ २०१३ ला बंद झालं, आणि १९२१ पासून लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर असलेल्या एचएमव्हीच्या साखळीनं त्याच वर्षाच्या जानेवारीत दिवाळं जाहीर केलं. उलट वेल्समधल्या कार्डिफ शहरातलं ‘स्पिलर्स’ हे १८९४ चं छोटं दुकान टिकलं. ते स्वतःला जगातलं सर्वांत जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणवतं. मोठी आधी पडली, लहान त्यातल्या त्यात तगली. रिदम हाउस मधलं होतं, आणि त्याच्या पायाखालची जमीन सोन्याच्या भावाची होती. असं दुकान दरवर्षी तोट्यात चालवणं म्हणजे मालकानं रोज सकाळी जागेची किंमत न बघण्याची शपथ घेणं. ती कोणी किती दिवस घ्यावी?

पुढे त्या जागेचं जे झालं ते ऐकून जुन्या गिऱ्हाइकांनी कपाळाला हात लावला. २०१७ मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपनीनं ती घेतली. तिथे दागिन्यांचं दालन होणार होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघडकीला आला, मोदी त्याआधीच देशाबाहेर पोचला होता, आणि ईडीनं त्याच्या मालमत्तांबरोबर ही इमारतही जप्त केली. काही वर्षं ती बंद पडून होती. शेवटी कंपनीच्या दिवाळखोरीच्या कारवाईत तिची विक्री झाली आणि सुमारे ४८ कोटींना ‘भाने’ या कपड्यांच्या व्यवसायातल्या कंपनीनं ती घेतली. रेकॉर्डच्या दुकानाची बातमी अर्थपानावर येते ती अशी.

आमच्याकडची मोबाइलची दुकानंही आता कार्ड भरत नाहीत. मोबाइलची कव्हरं आणि काचा विकतात. लाऊडस्पीकरवाल्यांच्या पुढच्या पिढीनं डीजे घेतला. जुनी खोकी काहींनी भंगारात घातली, काहींच्या माळ्यावर ती अजून आहेत. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था अशा जुन्या रेकॉर्डी जपण्याचं काम करते; टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिच्या वतीनं वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन रेकॉर्डी लावून ऐकवल्या आणि त्यांच्यावर लिहिलं. भंगारवाला ज्या तबकडीला किलोचा भाव लावतो, ती एखाद्या नाटक कंपनीतल्या विसरलेल्या नटाचा उरलेला एकमेव आवाज असू शकते.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असं खोकं असेल त्यांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. लाखेच्या तबकड्या एकावर एक आडव्या रचू नका. वजनानं खालच्या तडकतात. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि पत्र्याच्या छपरापासून लांब. धूळ बसली असेल तर मऊ ओलसर फडक्यानं रेघेच्या दिशेनं पुसा, पण स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते. आणि चावीच्या जुन्या यंत्रावर वाजवून बघायचा मोह झालाच, तर दर बाजूला नवी पिन लावा.